गणित जमत नव्हतं आणि टीवायचे सहा पेपर ठरवायचे होते

दहावीला गणितात मला शंभरपैकी ४३ मिळाले. त्यानंतर घरात माझ्या शिक्षणाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "त्यात गणित नाही ना?" अकरावीला कॉमर्स घेतलं ते मॅथ्सऐवजी एसपी (सेक्रेटरीअल प्रॅक्टिस) घेता येतं म्हणून. बारावीनंतर कॉमर्स सोडून आर्ट्सला आले आणि शेवटी टीवायला, म्हणजे बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला, सायकॉलॉजीचे सहा पेपर घेतले. हे कसं ठरत गेलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्यासारखी बरीच मुलं नुसतं विषयाचं नाव ऐकून फॉर्म भरताना मी पाहिली आहेत.

बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला लेथवर काम करतात. त्यांचं म्हणणं होतं, बी.कॉम. कर, मग बँकेच्या परीक्षा दे. मलाही ते पटलं होतं. मग विद्यापीठाच्या वेबसाइटवरून एफवायबी.कॉम.चा, म्हणजे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा, तेव्हाचा अभ्यासक्रम उतरवून घेतला. पहिल्या दोन्ही सेमिस्टरला मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स सक्तीचा होता. शेअर्स, म्युच्युअल फंड, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, लिनिअर प्रोग्रॅमिंग, प्रोबॅबिलिटी, पुढे डेरिव्हेटिव्ह आणि रिग्रेशन. बारावीला एसपी घेतलेल्यांनाही तोच पेपर. बीएमएसला (मॅनेजमेंटच्या पदवीला) पहिल्या वर्षी बिझनेस स्टॅटिस्टिक्स आणि बिझनेस मॅथ्स. बँकेच्या क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत शंभर गुणांपैकी ३५ संख्यात्मक क्षमतेचे, आणि त्या भागाला वीस मिनिटं. म्हणजे बी.कॉम. झालं तरी पुढे तेच वाट पाहत होतं.

सायन्सच्या मैत्रिणीचीही तीच गत. तिने बारावीला गणित सोडून बायो ठेवलं आणि बी.फार्म.ला गेली. तिथे बारावीला गणित नसलेल्यांना पहिल्याच सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स असतं. आर्किटेक्चरचं तर बोलायलाच नको, बारावीला गणित नसेल तर ते दार उघडतच नाही.

तेव्हा आईने नौपाड्यातल्या एका समुपदेशक मॅडमची वेळ घेतली. अॅप्टिट्यूड टेस्ट झाली. त्यात भाषिक क्षमता, संख्यात्मक क्षमता, अमूर्त तर्क, अवकाशीय क्षमता, कारकुनी वेग असे भाग वेगवेगळे मोजतात. माझी भाषा वर, अमूर्त तर्क चांगला, संख्या खाली. हे मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. मॅडमनी विचारलं, "अकाउंट्सला किती होते?" बारावीला बुककीपिंगला ८१ होते. "मग बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, गुणोत्तर यात अडचण नाही. इकॉनॉमिक्सच्या पेपरात निर्देशांकाची गणितं सोडवलीस का?" सोडवली होती. लासपेअरचं सूत्र मला अजून पाठ आहे: चालू वर्षाच्या किमती गुणिले आधारवर्षाची परिमाणं यांची बेरीज, भागिले आधारवर्षाच्या किमती गुणिले तीच परिमाणं यांची बेरीज, गुणिले शंभर. ते कधी अवघड वाटलं नाही, कारण समोर गहू, तांदूळ, तेल होतं आणि महागाई किती वाढली ते शेवटी दिसत होतं.

माझं अडत होतं ते बीजगणितातल्या पायऱ्यांवर आणि भूमितीच्या सिद्धतांवर. त्यातही घड्याळ लावून सोडवायला बसलं की जास्त. "गणित जमत नाही" या तीन शब्दांत मी इतकी वर्षं सगळं कोंबून ठेवलं होतं, ते त्या दिवशी सुटं झालं.

मॅडमनी आणखी एक गोष्ट विचारली, ती पालकांनी नीट वाचावी. घड्याळ वाचणं, सुटे पैसे मोजणं, फोन नंबर लक्षात ठेवणं, यात लहानपणापासून अडचण आहे का? असेल तर तो डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे समजण्यातली अध्ययन अक्षमता, असू शकतो. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेत त्याचा समावेश आहे, रीतसर तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात, आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग आहे. मला तशी तपासणी लागली नाही. पण माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याला हे कोणी वेळेवर विचारायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

एफवायबीएला मी सायकॉलॉजी, इकॉनॉमिक्स आणि सोशिऑलॉजी घेतलं. आमच्या जुन्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षी तीन विषय असायचे, दुसऱ्या वर्षी त्यातले दोन पुढे न्यायचे आणि टीवायला एकाच विषयाचे सहा पेपर घ्यायचे किंवा दोन विषयांचे तीन-तीन. खरी निवड दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. माझ्याकडे तेव्हा इकॉनॉमिक्स आणि सायकॉलॉजी उरले होते. दोन्ही आवडत होते, आणि तेच कठीण होतं.

मी एका वहीत रकाने आखले: विषय, गणित कुठल्या जातीचं, कुठल्या वर्षाला, किती गुणांचं, आणि पदवीनंतर त्या वाटेवर आणखी किती. शेवटच्या रकान्यासाठी सीनियर्सना गाठलं. इकॉनॉमिक्सची बी.ए. मला झेपली असती. पण एम.ए.ला चांगल्या संस्थांत जायचं, तर प्रवेशपरीक्षेपासूनच कॅल्क्युलस लागतं आणि पुढे इकॉनॉमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) येतं, हे एका सीनियरने स्वतःच्या वह्या समोर ठेवून दाखवलं. त्या वह्यांत पानंच्या पानं डेरिव्हेटिव्ह होते. त्या वाटेवर प्रेम असूनही मी ती सोडली, आणि ते सोपं गेलं नाही.

सायकॉलॉजीच्या रकान्यात एक पेपर लाल शाईने लिहिलेला होता: सायकॉलॉजिकल टेस्टिंग अँड स्टॅटिस्टिक्स. टीवायला, दोन्ही सेमिस्टरला. सहा पेपर घेतले तर तो चुकत नाही. वर्गातल्या दोघींनी फक्त याच्या धास्तीने सायकॉलॉजी सोडून दिलं. मला धास्ती नव्हती असं नाही, पण सोडायचं ते बघून सोडायचं असं ठरवलं होतं. लायब्ररीतून मागच्या वर्षांचे प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे काढले, झेरॉक्स घेतल्या आणि एकेक प्रश्न कशाचा ते लिहीत गेले. बराच भाग टेस्टिंगचा निघाला: चाचणीची विश्वसनीयता, सप्रमाणता, बुद्धिमापन. स्टॅटिस्टिक्समध्ये मध्य, मध्यांक, बहुलक, शतमक, प्रमाण विचलन, प्रसामान्य वक्र, सहसंबंध. साधा कॅल्क्युलेटर चालतो. सिद्धता एकही नाही. आणि तेच प्रकार वर्षानुवर्षं येतात.

प्रमाण विचलन मात्र डोक्यात शिरेना. सूत्रात आकडे घालून उत्तर येत होतं, पण काय काढलं ते कळत नव्हतं. एका रात्री जेवणानंतर बाबांनी वही ओढून घेतली. "हे काय आहे?" मी सांगितलं, सरासरीपासून आकडे किती लांब पसरलेत ते. बाबा म्हणाले, "अगं, हे तर आम्ही रोज बघतो." त्यांनी माझ्याच वहीत लिहिलं. एका लॉटमधले तीन जॉब, म्हणजे लेथवर तयार झालेले भाग: २४.९९, २५.००, २५.०१ मिलिमीटर. दुसऱ्या लॉटमधले: २४.९०, २५.००, २५.१०. "दोन्हीची सरासरी २५. पहिला लॉट पास होतो. दुसऱ्यातले दोन जॉब रिजेक्ट. साहेब सरासरी विचारत नाही, मायक्रोमीटर लावतो." आठवीपर्यंत शिकलेल्या माझ्या बाबांनी मला प्रमाण विचलन समजावलं. बुद्ध्यंकाचा मध्य १०० आणि प्रमाण विचलन १५ धरतात, आणि सुमारे ६८ टक्के माणसं ८५ ते ११५ मध्ये येतात, हे वाक्य मी त्या रात्री पहिल्यांदा अर्थासकट वाचलं. दुसऱ्या दिवशी सहा पेपर सायकॉलॉजीचे, असा फॉर्म भरला.

टीवायला तो पेपर आला तेव्हा भीती गेली होती असं म्हणणार नाही. पण तोपर्यंत भीतीबद्दलही थोडं शिकले होते. गणिताची चिंता हा सायकॉलॉजीत अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. रिचर्डसन आणि सुइन यांनी ती मोजायची मापनश्रेणी १९७२ मध्ये तयार केली. पुढे अॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ही चिंता कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम करताना गोष्टी तेवढ्यापुरत्या डोक्यात धरणाऱ्या स्मृतीची, जागा व्यापते, त्यामुळे हातचे धरण्यासारखं साधं कामही अडखळतं. हे वाचल्यावर मी पेपरात एक बदल केला. डोक्यात काहीच धरायचं नाही. प्रत्येक पायरी, प्रत्येक हातचा, प्रत्येक वर्ग कागदावर रकान्यात लिहायचा, भले पुरवण्या जास्त लागोत. आणि गणिताचे प्रश्न पेपरच्या मध्यावर घ्यायचे, हात बसल्यावर. स्टॅटिस्टिक्सच्या भागात मला चांगले गुण पडले.

आता पॅटर्न बदलला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय) आधी निवडावा लागतो, मग मायनर (दुय्यम विषय), आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो. माझी आतेबहीण कळव्याला राहते, यंदा बारावी झाली. तिला सोशिऑलॉजी हवं आहे आणि तिचंही गणित माझ्यासारखंच आहे. तिच्यासोबत बसून आम्ही मेजरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाहिलाच, पण ओपन इलेक्टिव्हची यादीही पाहिली, कारण आर्ट्सच्या मुलीला तिथे कॉमर्स किंवा सायन्सचा विषय घ्यावा लागणार आणि कुठला घेतला यावर बरंच अवलंबून आहे. कॉलेजगणिक ही यादी वेगळी असते. ज्या कॉलेजात ती मिळाली नाही, तिथे तिने ऑफिसच्या खिडकीवर जाऊन मागितली आणि मिळेपर्यंत फॉर्म भरला नाही.

मी स्वतः एम.ए.ला आहे. पहिल्याच सेमिस्टरला संशोधनपद्धतीचा पेपर सक्तीचा होता आणि स्टॅटिस्टिक्स पुन्हा भेटलं, या वेळी टी-टेस्ट आणि अॅनोव्हा या गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या चाचण्या घेऊन. रविवारी सकाळी आम्ही तिघीजणी गणितं सोडवायला बसतो. मला अजूनही बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढा त्या थांबतात.