दशावताराची डीव्हीडी तयार करताना

कुडाळजवळच्या एका देवळासमोर रात्रभर रंगलेल्या दशावतारी नाटकाचे मी चित्रीकरण केले होते. संकलनानंतर त्याचा १ तास ४५ मिनिटांचा चित्रपट तयार झाला. तो पेन ड्राइव्हवर देता आला असता. परंतु नाटकमंडळीतल्या ज्येष्ठ नटांच्या घरी जुने जाडजूड टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअरच असल्यामुळे त्यांना तबकडीच हवी होती.

पहिल्या वेळी मी १९२० बाय १०८० आकाराची फाइल जशीच्या तशी ऑथरिंगच्या, म्हणजे मेनूसह डीव्हीडी रचण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि पुढचे सगळे त्याच्यावर सोपवले. डीव्हीडीला सहसा एमपीईजी-२ हे व्हिडिओचे स्वरूप लागते आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चौकट जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ एवढीच असते, त्यामुळे सॉफ्टवेअरने स्वतःच्या मर्जीने चित्र लहान केले. मावशीच्या टीव्हीवर तबकडी लावली, तेव्हा राजाच्या किरीटावरच्या टिकल्या सतत लुकलुकत होत्या आणि युद्धाच्या प्रसंगात तलवार पुढे जाऊन पुन्हा मागे आल्यासारखी थरथरत होती. संगणकावर यातले काहीही दिसले नव्हते.

तलवारीच्या थरथरीचे मूळ फील्डच्या क्रमात होते. फील्ड म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग; असे दोन भाग मिळून इंटरलेस चित्राची एक चौकट होते. माझा कॅमेरा सेकंदाला ५० फील्ड टिपतो आणि एचडीमध्ये वरचे फील्ड आधी येते. सॉफ्टवेअरची तयार सेटिंग मात्र जुन्या डीव्ही टेपसाठी केलेली होती, ज्यात खालचे फील्ड आधी असते. क्रम उलटा पडला की क्षणांची अदलाबदल होते. शिवाय दोन फील्ड एकत्र ठेवूनच चित्र लहान केले, तर त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात; म्हणून आधी डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक फील्डच्या गाळलेल्या ओळी भरून, सेकंदाला ५० पूर्ण चौकटी काढाव्यात, मग आकार कमी करावा आणि शेवटी पुन्हा फील्ड पाडावीत. टिकल्यांसाठी आकार कमी करताना किंचित उभा ब्लर (वरखाली धूसरपणा) दिला, कारण एकाच ओळीइतका बारीक तपशील इंटरलेस पडद्यावर लुकलुकणारच. रंग रेक. ७०९ या एचडीच्या मानकातून रेक. ६०१ या डीव्हीडीच्या मानकात न्यायचे राहिले, तर लाल-हिरव्या छटा सरकतात, आणि दशावतारात लाल रंगाला केवढे महत्त्व असते ते वेगळे सांगायला नको.

बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवायची याचा, हिशेब मी कागदावर मांडला. एकपदरी तबकडीत ४.७ जीबी, म्हणजे ३७.६ अब्ज बिट मावतात. त्यांना ६,३०० सेकंदांनी भागले की सेकंदाला जेमतेम ६० लाख बिट मिळतात. त्यातून आवाज, मेनू आणि थोडी मोकळी जागा वजा करून चित्राचा सरासरी बिटरेट ५.२ एमबीपीएस (सेकंदाला ५२ लाख बिट) ठेवला आणि दोन पासमध्ये, म्हणजे आधी सगळे चित्र तपासून मग, एन्कोड केले. नियमानुसार चित्रासाठी ९.८ पर्यंत जाता येते, पण घरी बर्न केलेली तबकडी त्या वेगाला जुन्या प्लेअरमध्ये अडखळते, असा माझा अनुभव असल्यामुळे कमाल ७.५ वरच थांबलो.

आवाजाने मला सर्वांत जास्त छळले. एसी-३ या डीव्हीडीवरच्या ध्वनिस्वरूपाच्या एन्कोडरमध्ये डायलॉग नॉर्मलायझेशन (संवादाच्या पातळीवरून आवाज ठरवणारी सेटिंग) उणे २७ वर होते आणि कॉम्प्रेशनही (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारी सोय) चालूच होते. त्यामुळे पखवाजाची थाप पडली की पाठोपाठ पेटीचा सूर खाली बसल्यासारखा वाटे. नॉर्मलायझेशन उणे ३१ करून कॉम्प्रेशन पूर्ण बंद केले, तेव्हा देवळासमोर ऐकलेला आवाज परत मिळाला.

आता मी संकलनातून प्रोरेस या उच्च दर्जाच्या स्वरूपातली पूर्ण आकाराची एकच मास्टर प्रत काढतो. तिच्यावरून चित्राची एमटूव्ही (एमपीईजी-२ची फाइल) आणि आवाजाची एसी-३ अशा दोन वेगळ्या फाइल्स करून, १६:९ ची (रुंद चित्राची) खूण तपासून, मगच त्या ऑथरिंगला देतो; त्या नियमात बसत असल्यामुळे सॉफ्टवेअर पुन्हा एन्कोड करत नाही. दुसरी तबकडी मी ४एक्स वेगाने बर्न केली आणि थेट मावशीकडेच नेली. या वेळी तलवार सरळ चालली. किरीटावरच्या दोन-तीन टिकल्या अजूनही चमकत होत्या, पण त्या तशा देवळासमोरही चमकत होत्या.