देवगडहून पाहिलेलं ‘क्यार’

२०१९ च्या दिवाळीत मी देवगडला होतो. २५ ऑक्टोबरला, ऐन धनत्रयोदशीला, अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ तयार झालं. रत्नागिरीपासून सुमारे २०० किलोमीटर आत. किनाऱ्यावर ते येणार नव्हतं, तरी बंदरात धोक्याचा बावटा लागला होता.

पाऊस जरा उघडल्यावर किल्ल्यावर गेलो. दीपगृहाजवळ उभं राहणं कठीण होतं. वारा दक्षिणेकडून येत होता. आपल्याकडची चक्रीवादळं घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे वादळ पश्चिमेला असलं की किनाऱ्याला दक्षिणेचा वारा झोडपतो. पण खरी ताकद होती ती लाटांत. गढूळ पाण्याची भिंत कातळावर आपटायची, पाय ठेवलेली जमीन हादरायची, आणि मग फेसाचे पिवळट गोळे वाऱ्याबरोबर चढण चढून गवतात अडकायचे. चष्म्यावर मीठ जमत होतं, पुसलं की आणखी पसरायचं.

खाली बंदरावर एक म्हातारे तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, भेटले. मी आभाळ न्याहाळत होतो. ते म्हणाले, “वाऱ्याकडे काय बघतस? पाण्याकडे बघ. पाणी फुगलाहा.” खरंच होतं. अमावास्या तोंडावर, म्हणजे उधाणाचे दिवस. त्यात वादळाने ढकललेलं पाणी. भरतीची नेहमीची रेघ केव्हाच बुडाली होती.

देवगडचं बंदर तिन्ही बाजूंनी आडोशाचं, म्हणून परराज्यांतल्या नौकाही आसऱ्याला आल्या होत्या. नौकेला नौका खेटून बांधलेली. एकीवर ताडपत्रीखाली भात शिजत होता, झाकण उडू नये म्हणून त्यावर दगड. घरापासून इतक्या लांब, सणाच्या दिवशी, ही माणसं किती शांतपणे जेवणाची तयारी करत होती! मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

परतताना वाटेत कापलेलं भात शेतातच भिजत पडलेलं दिसलं. त्याचं दुःख समुद्रापेक्षा जास्त लागलं.

पुढे ‘क्यार’ महाचक्रीवादळ होऊन ओमानच्या दिशेने गेलं. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात एवढं मोठं वादळ झालं नव्हतं. ते विरायच्या आतच, महिनाअखेरीस, लक्षद्वीपजवळ ‘महा’ नावाचं दुसरं चक्रीवादळ उठलं. १ ऑगस्टला सुरू झालेला मासेमारीचा हंगाम, आणि ऐन भरात नौका पुन्हा बंदरातच.