लाईट आली म्हणजे जोडणी झाली असं नाही

मे महिन्यातली दुपार, जळगावात पत्र्याला हात लागत नव्हता. एका दवाखान्यातून फोन आला. त्यांच्या १२५ केव्हीए डीजीचा, म्हणजे डिझेल जनरेटरचा, अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) जळालेला, रिवाइंडिंगला चार दिवस लागणार, आणि भाड्याचा सेट ट्रॉलीवर गेटजवळच्या निंबाखाली येऊन उभा.

तिथला माणूस म्हणाला, "भाऊ, मेन पाडा आन् थेट बसबारला जोडून द्या." मेन म्हणजे महावितरणची लाईट आत आणणारा स्विच, आणि बसबार म्हणजे पॅनलमधल्या पट्ट्या, जिथून सगळीकडे लाईट जाते. मी नाही म्हटलं. पाडलेला मेन कोणी नकळत उचलला, तर आपले ४१५ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन लाईनवर ११ हजार होतात. तिकडे लाईनमन लाईट गेलीय या भरवशावर खांबावर चढलेला असतो. त्यालाही घरी जायचंय.

म्हणून जुन्या डीजीची केबल फोर पोल चेंजओव्हरवरून सोडवली, नवी तिथेच घातली. चेंजओव्हर म्हणजे एका वेळी महावितरण किंवा डीजी, एकच जोडणारा स्विच; फोर पोल म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रल, चारही बदलणारा. म्हणजे न्यूट्रलही फेजसोबतच बदलतो. सेटच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग दिल्या. पूर्ण लोडला फेजमागे जवळपास १७४ अँपिअर, त्यामुळे केबलच्या टोकाचा प्रत्येक लग पुन्हा क्रिंप करून, म्हणजे घट्ट दाबून, घेतला.

चेंजओव्हर डीजीवर टाकला. दिवे, पंखे, आयसीयू, सगळं चाललं. मी पाने आवरत होतो, तेवढ्यात गच्चीवरून वॉचमनमामा ओरडले, "भाऊ, मोटार चालू शे, पन पानी चढी नई ऱ्हायनं!"

मोटार बंद करायला सांगितली आणि मागचा पंखा थांबत येताना पाहिला. पंपावरचा बाण एकीकडे, पंखा दुसरीकडे. फेज उलटे लागले होते. दिव्याला फेजचा क्रम कळत नाही, थ्री फेज मोटारीलाच कळतो. हा क्रम दाखवणारा सिक्वेन्स मीटर माझ्या पिशवीतच होता, आणि मी तो लावला नव्हता. आगीचा पंपही त्याच पॅनलवर. वेळ आली असती तर तोही असाच घरघरत उलटा फिरला असता आणि होजला पुरेसा दाब आला नसता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सेट बंद केला, ट्रॉलीच्या टर्मिनलवरच दोन फेज अदलाबदल केले. मोटारीकडे हात लावला नाही. तिथे बदलले असते तर महावितरणची लाईट आल्यावर पंप उलटा फिरला असता. मग मीटर लावला, चकती बाणाच्या दिशेने फिरली, आणि मामांनी वरून हात हलवला.

पुढच्या महिन्यात त्याच गेटजवळच्या भिंतीवर भाड्याच्या सेटसाठी कायमची कुलूपबंद पेटी बसवून दिली. तिथून केबल थेट चेंजओव्हरला जाते. आत लाल, पिवळा, निळा रंग मी स्वतः ब्रशने दिला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं: आधी सिक्वेन्स मीटर, मग चेंजओव्हर.