आईच्या कानासाठी सातारा-पुणे, ऑक्सिजन चेंबरचे १५ दिवस

फेब्रुवारीत एक दिवस आई सकाळी उठली तर उजव्या कानाने काहीच ऐकू येईना आणि आत सतत शिट्टीचा आवाज. जवळच्या डॉक्टरांनी मळ असेल म्हणून थेंब दिले, त्यात चार दिवस गेले, त्याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही थांबू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ७२ तासांत ३० डेसिबल किंवा जास्त ऐकणं कमी झालं तर ती इमर्जन्सीच असते.

आईचा ऑडिओग्राम, म्हणजे या तपासणीचा आलेख, ७० डेसिबलवर होता; आकडा जितका कमी तितकं ऐकू चांगलं. स्टिरॉइड लगेच सुरू झाले आणि सोबत हायपरबॅरिक ऑक्सिजन, म्हणजे जास्त दाबाच्या बंद चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन घेणं, कारण आतल्या कानातल्या पेशींना ऑक्सिजन भरपूर लागतो आणि रक्त पुरवणारी वाट एकच, बारीकशी. हे पहिल्या २ आठवड्यांत सुरू झालेलं चांगलं, फार तर महिनाभरात. नुसत्या ऑक्सिजनवर विसंबू नका, स्टिरॉइड हवेतच.

आधी वाटलं रोज एसटीने जाऊ-येऊ, पण दोन दिवसांतच आई थकली, मग मावशीकडे स्वारगेटजवळ राहिलो. जमलं तर राहायची सोय आधीच बघा.

चेंबर म्हणजे काचेसारखी पारदर्शक नळी, आत झोपायचं, दीड तास. प्रेशर वाढताना खंबाटकी घाटात बसतात तसे दडे बसतात, पण जास्त जोरात. आवंढा गिळायचा, नाहीतर नाक दाबून हलकेच फुंकायचं, आणि दुखलं तर लगेच हात करायचा, सहन करत बसायचं नाही, पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर आधीच सांगा. आगीच्या भीतीने मोबाईल, केसाला तेल, पावडर, सिंथेटिक कपडे काहीच चालत नाही, सुती गाऊन तेच देतात. मंगळसूत्र काढताना आईचे डोळे भरून आले, म्हणून हे घरीच समजावून न्या. शुगरवाल्यांनी जास्त जपा, स्टिरॉइडने ती चढते आणि चेंबरमध्ये कधी एकदम उतरते, आम्ही प्रत्येक वेळी आधी मोजायचो, उपाशीपोटी कधीच नेलं नाही. फुफ्फुसाचा जुना त्रास असेल तर तोही सांगा. इन्शुरन्सची मंजुरी सुरू करण्याआधी लेखी घ्या.

१५ सेशननंतर ऑडिओग्राम ४० डेसिबलवर आला. स्टिरॉइडने की ऑक्सिजनने ते सांगता येणार नाही, दोन्ही सोबतच होतं. शिट्टी अजून आहे, पण रात्री कमी. परतताना एसटीत मी तिच्या डाव्या बाजूला बसलो आणि साताऱ्यापर्यंत गप्पा मारल्या.