फिट की नुसती चक्कर?

आज भाचीला घेऊन मेंदूविकार तज्ज्ञांकडे गेलो होतो. शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली, हातपाय दोन-तीनदा झटकले आणि घरी फोन आला तो थेट "फिट आली" असाच. कुणीतरी चप्पलही हुंगवली म्हणे. (ही प्रथा अजून जिवंत आहे!)

डॉक्टरांनी लगेच एमआरआय वगैरे लिहून दिला नाही. सोबत आलेल्या मैत्रिणीलाच खोदून खोदून विचारलं. चेहरा? पांढराफटक, घामेजलेला. भाची म्हणाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आवाज लांबून यायला लागले. आडवी झाल्यावर काही सेकंदांत शुद्धीवर, आणि लगेच "माझं दप्तर कुठंय?" म्हणजे साधी मूर्च्छा. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडला तरी हातपाय झटकतात, हे मला नवीन होतं. मोठ्या फिटमध्ये झटके सहसा मिनिट-दोन मिनिटं चालतात, जिभेची कड चावली जाऊ शकते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला असतो. कपड्यात लघवी मात्र दोन्हींत होऊ शकते, त्यावरून काही ठरत नाही.

मग झोपून आणि उभं राहून बीपी, आणि ईसीजी. "ईसीजी कशाला?" मेहुणे पुटपुटले. तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडूनही असंच पडायला होतं, आणि खरा धोका तिथे. धावताना पडली का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, हे प्रश्न त्यासाठीच होते.

ईसीजी नॉर्मल. उपाशीपोटी शाळा बंद, पाणी भरपूर. आणि पुन्हा झालंच तर आधी आडवं करून पाय वर, मग कुणीतरी मोबाईलवर शूट करायचं.