कुंदा, दात आणि भावकी

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं भरतंय, गेली एकवीस वर्षं. बेळगावच्या शहापुरात घराच्या माडीवर माझी छोटी डेंटल लॅब आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या डॉक्टरांकडून मापं येतात. मी प्लास्टर ओततो, मेण कोरतो, कॅप करून पाठवतो. पेशंटचा चेहरा मला कधी दिसत नाही, नुसते दात दिसतात.

टेबलावरच्या बाटल्यांपैकी एकीवर चक्क 'इनॅमल' लिहिलेलं आहे, म्हणजे दातावरचं कडक कवच. त्यातली पावडर कालवून ब्रशनं थर द्यायचा आणि भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजायचा. थर जास्त झाला की दात करडा, मेल्यासारखा दिसतो. शरीर मात्र हेच काम ३७ अंशांत उरकतं. हिरडीआड दडलेल्या पेशी रोज जेमतेम चार मायक्रॉन थर चढवतात, म्हणजे केसाएवढ्या जाडीला पंधरा-वीस दिवस. आधी प्रथिनांची परांची उभी राहते. तिच्यात नव्वद टक्के वाटा अमेलोजेनिन या एकट्या प्रथिनाचा. तिच्या आधारानं खनिजाचे स्फटिक वाढतात, मग विकरं (एन्झाइम) ती परांची तोडून काढतात. उरतं ते वजनानं ९६ टक्के खनिज. दात वर आला की त्याचे गवंडीही मरतात, त्यामुळे इनॅमल एकदा गेलं की पुन्हा येत नाही. माझी भट्टी पेटती आहे ती त्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी निपाणीकडून एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं माप आलं. पुढच्या सगळ्या दातांवर खड्डे, आडव्या रेघा. मला वाटलं, माप घेतानाच हवेचे बुडबुडे राहिले. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "माप बरोबर आहे, दातच तसे आहेत." पुढे कळलं, तिला गहू चालत नाही. सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळं आतड्याला इजा होणारा आजार. आता गव्हाचा आणि दाताचा काय संबंध? त्या रात्री मोबाईलवर वाचत बसलो तो बसलोच.

२०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लोकांनी याचं एक उत्तर मांडलं. सीलिअ‍ॅक असलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात इनॅमलच्या प्रथिनांवर उठलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडली. बिघडलेल्या आतड्यात दुधातल्या कॅसीन या प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दाताच्या प्रथिनांवरही धावून जातात, असं त्यांना दिसलं. म्हणजे भांडण आतड्यात लागतं आणि मार खातो हिरडीतला कोवळा दात.

आता दुधाचं आणि दाताचं काय नातं? इथं मी खरा अडकलो, कारण माझी सासुरवाडी कुंदा, म्हणजे आमच्याकडची आटवलेल्या दुधाची मिठाई, करणाऱ्यांची.

कावासाकी आणि वाइस या दोन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की इनॅमलची प्रथिनं, दुधातली कॅसीनं आणि लाळेतली काही प्रथिनं एकाच कुळातली आहेत. सगळ्यांचं काम कॅल्शियमशी. माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर यांची जनुकं आपल्या गल्लीतल्या भावकीच्या घरांसारखी भिंतीला भिंत लावून बसलीत. फक्त अमेलोजेनिन वाटणी घेऊन बाहेर पडलेलं, ते एक्स आणि वाय गुणसूत्रांवर राहतं. या दोन प्रतींत थोडा फरक आहे, त्यावरून दात किंवा हाड बाईचं की पुरुषाचं, हे पोलिसांच्या प्रयोगशाळेत ठरवतात. आणि कॅसीनची जनुकं दाताच्या जनुकांतूनच निघाली, तीही सस्तन प्राणी जन्माला यायच्या आधी, असं २०११ मध्ये कावासाकी आणि त्यांच्या सोबत्यांनी मांडलं. आधी दात, मग दूध! आपण 'दुधाचे दात' म्हणतो, ते उलटंच म्हणायला हवं.

रविवारी सासऱ्यांकडे गेलो. कढई चुलीवर, दूध आटत आलेलं, मामा उलथन्यानं तळ खरवडत होते. दही पडलं आणि दाणा सुटायला लागला. मी म्हटलं, "मामा, हा दाणा म्हणजे कॅसीन. दुधात कॅल्शियम धरून ठेवतंय ते. नाहीतर म्हशीच्या सडातच त्याचा खडा झाला असता. आणि दात घडवणारं प्रथिन याच्याच भावकीतलं."

मामांनी वरही बघितलं नाही. "काय बोलालास तू? दात आणि कुंदा? हालव जरा, खाली लागालंय."

हालवलं. हालवता हालवता लाळेचंही सांगितलं. तिच्यातलं स्टॅथेरिन हा त्याच भावकीतला आणखी एक घरवाला, लाळेतला कॅल्शियम जागच्या जागी गोठू देत नाही. म्हणजे एक भाऊ दगड घडवतो आणि दुसरे दोघे दगड होऊ देत नाहीत. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं.

इनॅमल मुळात दातासाठी नव्हतंच, असंही दिसतंय. चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या सारोलेपिस नावाच्या माशाच्या खवल्यांवर इनॅमल आहे, दातांवर नाही. कातडीवरची वस्तू नंतर तोंडात आली. उलटी गोष्टही घडते. जांबोटीच्या रस्त्यावर एकदा रात्री गाडीच्या उजेडात खवले मांजर आडवं गेलं होतं. मुंग्या-वाळवी गिळणाऱ्याला दात कशाला? त्याचे दात गेले आणि इनॅमलिन या इनॅमलच्या प्रथिनाचं जनुक मोडक्या अवस्थेत तसंच अंगात पडून राहिलं, पडक्या वाड्यासारखं. कोंबडीचीही तीच गत.

मामांनी कढई उतरवली, वाटीत गरम कुंदा दिला आणि इतका वेळ मनात ठेवलेलं विचारलं, "भावकीतला म्हणतोस, तर मग कुंदा खाऊन दात किडतात कसे?"

"ते साखरेमुळं, मामा. साखर भावकीतली नव्हे."

"मग साखर कमी घालू होय? गिऱ्हाईक येईल काय?"

यावर मला बोलता आलं नाही. निपाणीच्या मुलीच्या सहा कॅपा गेल्या महिन्यात पाठवल्या. डॉक्टरांनी शेड एक नंबर उजळ मागितली होती. मी इनॅमलचा थर जरा पातळच ठेवला.