गडगड, गोरोगोरो आणि एक वही

जपानी शाळेतल्या पहिल्या तीन आठवड्यांत माझ्याशी सगळेच बोलायचे, पण सगळे तेच बोलायचे. नाव काय, कुठून आलीस, जपान आवडला का, तिखट खातेस का. या चार प्रश्नांची उत्तरं मी पुण्यातच पाठ केली होती. पाचवा प्रश्न आला की मी हसायचे, समोरची मुलगी हसायची, मान झुकवायची आणि निघून जायची. शाळा सुटेपर्यंत गाल दुखायला लागायचे.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून ऑगस्ट २०१८ मध्ये ओकायामाला गेले, जवळजवळ वर्षभरासाठी. अर्ज, मुलाखती, हमीपत्र, व्हिसा यांत आधीचं अख्खं वर्ष गेलं होतं. आता जाणाऱ्या मुली मला याच गोष्टींबद्दल विचारतात. मी त्यांना सांगते, कागदांचं होतं गं सगळं. खरं अवघड सुरू होतं ते पहिल्या सोमवारी, वर्गात.

ओकायामा मिळाल्याचं कळलं तेव्हा आईला फार आनंद झाला होता. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग सगळ्या पुण्याला माहीत आहे. तिचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि ती ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. लहानपणी मी तिथे पाण्यातले रंगीत मासे बघत तासन्‌तास उभी राहायचे. आई म्हणाली, "मग काय, ओळखीच्याच गावाला चाललीस."

मला तिथे जी मैत्रीण मिळाली, ती माझ्या मागच्या बाकावर बसायची. वर्गात कमी बोलणाऱ्यांतली होती. इंग्रजीच्या तासाला तिचे मार्क चांगले असायचे, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की कान लाल व्हायचे. चूक होईल या भीतीने ती गप्प राहायची आणि मीही त्याच भीतीने. रोज दुपारी वर्ग झाडायची आमची पाळी एकत्र असायची. तीन आठवडे आम्ही एकमेकींना झाडू दिला, सुपली दिली, "आरिगातो", म्हणजे धन्यवाद, म्हटलं. बस, इतकंच.

सप्टेंबरात एक दिवस शाळा सुटली आणि आभाळ भरून आलं. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आम्ही दोघीच अडकलो. ढग वाजले. तिने वर बोट दाखवलं आणि म्हणाली, "गोरोगोरो."

मी विचार न करता म्हणाले, "गडगड."

ती वळली. "गादागादा?" मी पुन्हा म्हटलं, गडगड. ती हसली, आणि ते हसणं वर्गातल्यासारखं सभ्य नव्हतं. मग पाऊस कोसळला. ती म्हणाली, "झाआझाआ." मी म्हटलं, "धो धो." तिच्या तोंडून ते "दो दो" असं यायचं. वीज चमकली तेव्हा मी छातीवर हात ठेवून "धडधड" म्हटलं. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दोकिदोकि."

तिने दप्तरातून वही काढली आणि पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे तिचे शब्द, उजवीकडे माझे. पाऊस थांबेपर्यंत अकरा शब्द झाले. मला मात्र एक गोष्ट खटकली. पावसाचा जोर वाढला तशी ती मधेच गप्प झाली आणि बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत राहिली. का ते विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते.

त्या वहीने आमचं सगळं बदललं. मराठीसारखेच जपानीतही असे जोडशब्द ढिगाने आहेत, आणि लहान मुलंच नव्हे तर डॉक्टरसुद्धा ते वापरतात. डोकं कसं दुखतंय, ठणठण? तर "झुकिझुकि". पोटात कावळे ओरडतायत, तर "पेकोपेको". किराकिरा म्हणजे चमचम. फुवाफुवा म्हणजे लुसलुशीत, हा शब्द मला पावाच्या दुकानासमोर मिळाला. व्याकरण येत नसलं तरी या शब्दांनी आख्खा दिवस सांगता येतो. सकाळी ती विचारायची, "आज कसं?" मी म्हणायचे, "झुकिझुकि." ती स्वतःची पाण्याची बाटली पुढे करायची. फोनमधलं भाषांतराचं ॲप आम्ही आधी वापरून पाहिलं होतं. पण त्यात ती फोनकडे बघायची, मी फोनकडे बघायचे. वही दोघींच्या मधे असायची आणि डोकी एकमेकींना टेकायची.

मला जे आधी कुणी सांगायला हवं होतं, ते इथे सांगते. मराठी माणसाने जपानी इंग्रजीतून शिकू नये. पुण्यात मी इंग्रजी पुस्तकावरून शिकले होते, त्यामुळे प्रत्येक वाक्य मी मनात दोनदा उलटं करत होते. एक दिवस ती बाकावर माझ्या शेजारी बसून मला "देन्शा दे" समजावत होती. देन्शा म्हणजे ट्रेन. मी म्हणाले, "म्हणजे ट्रेनने!" 'दे' म्हणजे आपलं 'ने'. पुने-कारा म्हणजे पुण्याहून. वाताशि-नो म्हणजे माझं. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दामागे, आणि वाक्य संपताना "छान आहे ना" मधल्या 'ना'च्या जागी त्यांचं "ने". त्या दिवसापासून मी इंग्रजीला मधून काढून टाकलं.

मग वर्णमाला. त्यांचा तक्ता असा म्हणतात: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी तिला आपली मुळाक्षरं म्हणून दाखवली. जुन्या जपानीत 'ह'चा उच्चार 'प' होता असं आमच्या भाषाशिक्षकांनी फळ्यावर लिहिलं आणि हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आला हेही सांगितलं. क, त, न, प, म, य, र, व. ती ओळीवर बोट फिरवत राहिली. माझ्या अंगावर काटा आला. मी हजारो मैल लांब बसले होते आणि समोरच्या मुलीने पहिलीत माझ्याच ओळीने घोकलं होतं.

एवढं सगळं चांगलं चाललं असताना नोव्हेंबरात आमचं बिनसलं.

दिवाळी होती. लक्ष्मीपूजन बुधवारी आलं होतं, म्हणून मी फराळ शनिवारी ठेवला. ओकासान, म्हणजे मी जिच्या घरी राहायचे ती माझी होस्ट आई, हिने स्वयंपाकघर माझ्या ताब्यात दिलं. पातळ पोहे मिळाले नाहीत म्हणून कॉर्नफ्लेक्सचा चिवडा केला, शंकरपाळी तळली. मैत्रिणीला मी आधीच विचारलं होतं, शनिवारी येशील? ती म्हणाली, "दोयोबि वा, चोत्तो..." आणि थांबली. दोयोबि म्हणजे शनिवार. चोत्तो म्हणजे थोडं. मला वाटलं, थोडा वेळ येते म्हणतेय.

मी दुपारी दोनपासून खिडकीत उभी होते. साडेसहा वाजता पणती विझली. ती आली नाही.

रात्री मी रडले. माझ्या मनात आलं की वही, ते शब्द, सगळं तिच्यासाठी पाहुणचार होता, आणि मी त्याला मैत्री समजले. सोमवारी मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, मंगळवारीही नाही. तिने मागून वही सरकवली, मी ती परत सरकवली.

ओकासाननेच कोडं सोडवलं. तिने मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, अगदी तसंच, शेवटी थांबून. मग ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "ते नाही होतं, बाळा." चोत्तो म्हणून वाक्य अर्धं सोडलं की तो नकार. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून. आणि मला एकदम आपलं "बघू" आठवलं. "बघते हं, जमलं तर." हे ऐकून कुठलं मराठी घर ताट वाढून वाट बघेल? तेच ती तिच्या भाषेत मला म्हणाली होती, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वहीत डावीकडे "चोत्तो" लिहिलं, उजवीकडे "बघू", आणि तिच्यासमोर ठेवलं. "गोमेन", म्हणजे माफ कर, म्हटलं. तिने बराच वेळ ते पान बघितलं. मग त्याखाली नकाशा काढला. एक नदी, तिला मिळणारी दुसरी नदी, मधे एक घर. घरावर तिने पेन्सिलने पाणी काढायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. शेजारी लिहिलं, माबि. खाली लिहिलं, झाआझाआ.

मी यायच्या महिनाभर आधी, जुलै २०१८ मध्ये, पश्चिम जपानात महापूर आला होता. ओकायामाजवळच्या कुराशिकि शहरातल्या माबि भागात बांध फुटले, घरं बुडाली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. तिची आजी वाचली होती, घर मात्र गाळाने भरलं होतं. दर शनिवारी ती आईबाबांबरोबर तिथे जायची.

पुढच्या शनिवारी, रोटरी क्लबमधल्या माझ्या समुपदेशकांची परवानगी काढून, मी तिच्या आईबाबांच्या गाडीत बसले. घराची जमीन उखडलेली होती. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. आम्ही दोघी अंगणात बसून चिनीमातीचे वाडगे धूत होतो, पुसत होतो, खोक्यात भरत होतो. आजी ओकायामाच्या बोलीत बोलायची, त्यातलं मला फारसं कळत नव्हतं. पण ती "देऽरेऽ" म्हणायची ते कळलं, कारण ते आपलं "लई" आहे. त्या दिवशी आम्ही दोघी फार तर वीस वाक्यं बोललो असू. परतताना गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली, आणि उतरताना तिने हाक मारली तेव्हा माझ्या नावापुढचं "सान" गेलं होतं. "चान" आलं होतं. अहोजाहो सुटून अगंतुगं होतं ना, तसं.

त्यानंतरच्या महिन्यांत सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते सुखाचे दिवस होते. ती दुकानात माझ्यासाठी पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायची, कुठे माशाचा अर्क आहे का बघायची. एप्रिलमध्ये आम्ही कोराकुएनला गेलो. १७०० साली पूर्ण झालेली ती बाग, मागे असाहि नदीपलीकडे काळाभोर किल्ला. मी तिला पुण्यातल्या बागेचे फोटो दाखवले. ती एकदा फोनकडे बघे, एकदा समोरच्या पाण्याकडे. मग म्हणाली, आपण दोघी लहानपणी एकाच बागेत खेळलो.

निघायच्या दिवशी स्टेशनवर, मोमोतारो या जपानी लोककथेतल्या नायकाच्या पुतळ्यापाशी, तिने किबिदांगो या तिथल्या मिठाईचा डबा दिला आणि वही उघडली. शेवटचा शब्द माझा होता. मी लिहिला, हुरहुर. डावीकडे काय लिहावं ते तिला सुचेना. 'हु' तिच्या जिभेवर 'फु' व्हायचा. "फुरुफुरु," ती म्हणाली, आणि डावीकडची जागा तशीच कोरी ठेवली. वही मी तिच्याकडेच राहू दिली.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. आमचं घर ओढ्यापासून दोन गल्ल्या वर, त्यामुळे पाणी आत आलं नाही, पण रात्रभर खालून माणसांच्या हाका ऐकू येत होत्या आणि वीज नव्हती. पहाटे फोनला थोडी रेंज आली. तिचा एक फोटो येऊन पडला होता. वहीचं पहिलं पान, आणि "धो धो" या शब्दावर तिचं बोट. खाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह.

मी गॅलरीत गेले, हात बाहेर काढून पाहिला, आणि तिला लिहिलं, "शितोशितो."

दोन मिनिटांनी दुसरा फोटो आला. बोट आता सरकलं होतं, उजवीकडच्या रांगेत, "रिमझिम"वर.